भ्रमणध्वनीवरील आज्ञासाधने व मराठी अक्षरगणना

अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभा लिनक्सचा आहे. ‘टर्मक्स’ हे उपयोजन त्यावर आज्ञासाधने उपलब्ध करून देते. ‘पीकेजी इन्स्टॉल’ अशी आज्ञा देऊन हवे ते साधन बसविता येते. वणी वा पुसद येथील, संगणक हाताशी नसलेल्या अभ्यासकास ही सोय मोलाची होय.

तथापि साधन बसले म्हणजे ते मराठीस उपयुक्त ठरलेच, असे मानणे घाईचे होईल. ‘डब्ल्यूसी’ या मोजणीच्या साधनास केवळ ‘यवतमाळ’ हा शब्द दिला असता ते बाइट 18 व चिन्हे 6 मोजते. मराठी वाचक अक्षरे पाचच मोजतो. युनिकोडमध्ये काना हे स्वतंत्र चिन्ह असून यूटीएफ-8 संकेतात प्रत्येक देवनागरी चिन्हास 3 बाइट लागतात, हे त्याचे कारण. ‘पर्ल’ बसविल्यास अक्षरगुच्छ मोजता येतात व उत्तर 5 येते. परंतु जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत, म्हणजे 2023 साली आला. त्यापूर्वीच्या नियमांनी ‘क्ष’ची दोन अक्षरे होतात.

येथे यंत्र चुकत नाही. त्याची अक्षराची व्याख्याच निराळी आहे. ती न तपासता अक्षरगणवृत्तांविषयी काढलेले निष्कर्ष फसवे ठरतील. साधनाची खरी परीक्षा ते बसविताना नव्हे, तर पहिल्या जोडाक्षरापाशी होते.