मूळ कंपनी, उपकंपनी आणि ग्राहकाचा दावा : अमेरिकन न्यायनिर्णयांची चिकित्सा

ग्राहक वस्तू विकत घेतो ती तिच्यावरील नाव पाहून. दावा दाखल करताना मात्र त्या नावामागे कोणती कंपनी कोठे नोंदलेली आहे, हे त्याला शोधावे लागते. सदोष वस्तूमुळे इजा झालेल्या ग्राहकाला परराज्यातील वा परदेशातील मूळ कंपनीस आपल्या राज्यातील न्यायालयात आणता येते काय, या प्रश्नाचे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

या विचाराचे मूळ 'कॅनन विरुद्ध कडाही' (१९२५) या निकालात आहे. नॉर्थ कॅरोलिनातील उपकंपनीवर कडाहीचे संपूर्ण नियंत्रण होते. परंतु हिशेबाच्या वह्या व औपचारिक अस्तित्व वेगळे असल्याने मूळ कंपनी त्या राज्यात 'हजर' नाही असे ठरले. वाद कापडाच्या व्यापारी कराराचा होता. आपण कोणाशी करार करीत आहोत, हे व्यापाऱ्यास ठाऊक असते. ग्राहकास ते ठाऊक असण्याचे कारण नाही. हा भेद पुढे दुर्लक्षितच राहिला.

'डाइम्लर विरुद्ध बाउमन' (२०१४) हाही ग्राहकाचा दावा नव्हता. अर्जेंटिनातील अत्याचारांबाबत तो कॅलिफोर्नियात दाखल झाला होता. उपकंपनीचे व्यवहार मूळ कंपनीचे मानले तरी ती तेथे 'घरची' ठरत नाही, असे न्या. गिन्सबर्ग यांनी म्हटले. डाइम्लरच्या जागतिक विक्रीत कॅलिफोर्नियाचा वाटा २.४ टक्के होता. या गणिताने कंपनी जितकी मोठी तितकी ती सुरक्षित, या विसंगतीवर न्या. सोटोमायोर यांनी बोट ठेवले. निष्कर्ष त्या वस्तुस्थितीत योग्यच होता. अडचण तर्काची आहे.

'फोर्ड' (२०२१) निकालाने ग्राहकास दिलासा दिला. अपघातग्रस्त मोटारी प्रथम अन्य राज्यांत विकल्या गेल्या होत्या. तरीही जाहिराती, विक्रेते व दुरुस्तीसेवा यांद्वारे फोर्डने मोंटाना व मिनेसोटा येथील बाजारपेठ जोपासली होती, एवढे न्या. केगन यांना पुरेसे वाटले. मात्र ती जोपासना फोर्डची स्वतःची होती. हेच काम परदेशी उत्पादकाच्या उपकंपनीने केले, तर दोहोंतील संबंध प्रथम वादीनेच दाखवायचा. आणि त्याचे कागद असतात प्रतिवादीच्या कपाटात! ते पाहू द्यावेत की नाही, हे पुष्कळदा न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून राहते.

आपल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूवर स्वतःचे चिन्ह लावणाराही 'उत्पादक' मानला आहे, आणि तक्रारदारास आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते. परदेशी उत्पादकावर नोटीस बजावणे व आदेशाची अंमलबजावणी करून घेणे, हे प्रश्न त्याने आपोआप सुटत नाहीत.