गवत पेटवणारा फोरमन

आमच्या कामात एखादी सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम लिहायचं असतं. किती वाजता काय झालं, कोणाला काय दिसत होतं, पुढच्या वेळी काय बदलायचं. माणसावर खापर फोडायचं नाही, हा नियम. नॉर्मन मॅक्लीनचं ‘यंग मेन अँड फायर’ मी असंच एक पोस्टमॉर्टेम म्हणून वाचायला घेतलं. पुस्तक ते काम चोख करतं. पण माझं त्याच्याशी एक भांडण आहे, आणि ते आगीपेक्षा जंगलाबद्दल आहे.

५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, मिसुरी नदीकडे उतरणारी मान गल्च नावाची घळ. विजेमुळे लागलेला वणवा विझवायला पंधरा जण विमानातून पॅराशूटने उतरले. खाली एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. दोन तासांच्या आत आगीने त्यांना गाठलं. सोळांपैकी तेरा गेले.

फोरमन वॅग डॉजने त्या पळापळीत एक विचित्र गोष्ट केली. मागून आग चढावर धावत येतेय, आणि हा थांबून काडी ओढतो आणि पुढचं गवत पेटवतो. ते जळून गेल्यावर उरलेल्या गरम राखेत शिरतो, इतरांनाही बोलावतो. कोणी येत नाही. डॉज त्या राखेत पालथा पडून वाचला. आणखी दोघं कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटले.

पोरं का आली नाहीत? ही युक्ती त्यांच्या प्रशिक्षणात नव्हती, आणि डॉजची त्यांच्याशी फारशी ओळखही नव्हती. आग लागलेली असताना आणखी आग लावणारा माणूस वेडाच वाटणार. मॅक्लीन डॉजला ना हुतात्मा करतो ना खलनायक. पुढे याच आगीने आमची पोरं मारली, असा आरोप काही पालकांनी केला. मॅक्लीन तोही टाळत नाही. पुरावे मांडतो, मोजतो, पुन्हा मोजतो.

या मोजणीतला त्याचा सोबती म्हणजे रिचर्ड रॉदरमेल, मूळचा विमानशास्त्राचा इंजिनिअर. जमिनीलगतची आग किती वेगाने पसरते, याचं त्याचं १९७२चं समीकरण आजही वापरात आहे. त्याचा गाभा साधा भागाकार आहे: समोरच्या जळणापर्यंत पोचणारी उष्णता, भागिले ते जळण पेटायला लागणारी उष्णता. वारा आणि चढ वरचा आकडा फुगवतात. ओलावा खालचा. घळीत चढ होता, वारा होता, गवत वाळलेलं होतं. उन्हाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे समीकरण डोळ्यांनी ठाऊक असतं. मॅक्लीन माणसांचा वेग आणि आगीचा वेग एकाच आलेखावर काढतो. दोन रेषा एकमेकींकडे सरकत जातात. पुस्तकातलं सगळ्यात अंगावर येणारं पान मला तेच वाटलं, आणि त्यावर एकही विशेषण नाही.

विशेषणं इतरत्र आहेत, आणि भरपूर. ख्रिस्ताच्या क्रूसवाटेच्या प्रतिमा इतक्या वेळा येतात की मेलेली पोरं हळूहळू प्रतीकं होऊ लागतात. पुस्तक अपुरं राहिलं होतं. मॅक्लीन १९९०मध्ये गेला, आणि ते १९९२मध्ये आलं. त्यामुळे पुनरुक्ती माफ. पण प्रतिमांचा परिणाम खोल आहे: आग हे शोकांतिकेतलं पात्र बनतं, आणि जंगल नुसतं नेपथ्य.

माझं भांडण इथे आहे. आग सगळीकडे एकसारखी वागत नाही. त्याच रॉकी पर्वतात पाइन, डग्लस फर अशा सूचिपर्णी झाडांच्या मिश्र जंगलात खालच्या फांद्या आणि दाटीने वाढलेली रोपं शिडीचं काम करतात. जमिनीवरची आग त्यांवरून चढून शेंड्यांना लागते. तीच आग अ‍ॅस्पेनच्या राईत शिरली की बहुतेक वेळा खाली बसते. अ‍ॅस्पेनची पानं ओली, खोडाला खालच्या फांद्या कमी, पायाशी हिरवा झाडोरा. भागाकारातला खालचा आकडा मोठा. कडक दुष्काळ आणि वादळी वारा असेल तर अ‍ॅस्पेनही जळतं. साल पातळ, त्यामुळे झाड मरतं. पण मुळं जिवंत राहतात आणि त्यांतून नवे कोंब उभे राहतात.

म्हणजे डॉजने काही सेकंदांत जे केलं, ते अ‍ॅस्पेन सावकाश करून ठेवतं: आगीला खायला फारसं मिळणार नाही अशी जागा.

आता गंमत बघा. बऱ्याच डोंगरउतारांवर अशा राया टिकण्यासाठी अधूनमधून आग लागते. फार वर्षं लागली नाही की सावलीत वाढलेली सूचिपर्णी झाडं अ‍ॅस्पेनला मागे टाकतात. कोरड्या मिश्र जंगलांतही पूर्वी वरचेवर येणारी हलकी आग छोटी रोपं जाळून शिडी मोडायची. जाड सालीचे मोठे पाइन मात्र उभे राहायचे. १९१०मध्ये आयडाहो-मोंटानातलं सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. त्या धसक्यातून आलेल्या अमेरिकी वनखात्याने १९३५मध्ये धोरण ठरवलं: दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात. आग विझत गेली आणि जळण साचत गेलं. मान गल्चच्या त्या दिवशी गवतानेच घात केला, त्यामुळे तिथला दोष मी साचलेल्या जळणावर टाकणार नाही. पण त्या आडरानातल्या घळीत पोरांना उतरवणारा हट्ट तोच होता.

मॅक्लीन विचारतो, शेवटच्या मिनिटांत काय चुकलं? याचं त्याने दिलेलं उत्तर अजोड आहे. पण ही माणसं तिथे का उतरवली होती, हा प्रश्न तो ओझरता हाताळतो. आमच्याकडे असं पोस्टमॉर्टेम आलं, तर ते परत पाठवतात. सर्व्हर का पडला ते कळलं, पण हा अलार्म वाजला की पहाटे तीनला माणूस उठवायचाच, हे कोणी ठरवलं?

तरीही पुस्तक वाचा. आलेखाच्या पानावर थांबा आणि डॉजच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मग त्याच्या मागे धावणाऱ्या पोरांच्या जागी. मी दोन्ही करून पाहिलं. डॉजचं ऐकलं असतं, असं मला छातीठोकपणे म्हणता आलं नाही.