डॉ. बिरबल सहानी यांचे जीवाश्म-संशोधन : एक मूल्यमापन

प्रस्तावना :
शास्त्रज्ञाच्या चरित्रात त्याच्या यशस्वी निष्कर्षांची यादी देण्याचा प्रघात आहे. भारतीय पुरावनस्पतिशास्त्राचे प्रवर्तक डॉ. बिरबल सहानी (१८९१-१९४९) यांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. त्यांचे काही महत्त्वाचे निष्कर्ष पुढे बदलले. तरीही त्यांचे स्थान ढळले नाही. याची कारणे त्यांच्या संशोधनपद्धतीत शोधावी लागतात.

संशोधनाचे स्वरूप :
भेरा (आता पाकिस्तानात) येथे जन्मलेल्या सहानींनी लाहोर व केंब्रिज येथे शिक्षण घेतले. केंब्रिजला त्यांना ए. सी. सेवर्ड यांचे मार्गदर्शन लाभले. १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख झाले आणि १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

राजमहाल टेकड्यांतील निपानिया येथे खोड, पाने व बीजधारी शंकू यांचे जीवाश्म सुटे सुटे सापडत. आंतररचनेच्या आधारे त्यांचा परस्परसंबंध जोडून सहानींनी १९४८ मध्ये 'पेंटॉक्सिली' हा प्रकटबीज वनस्पतींचा नवा गट मांडला. त्यांनी जुरासिक मानलेले हे थर आता क्रिटेशस कालखंडातील मानले जातात. गट मात्र टिकून आहे.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग व्यापणाऱ्या दख्खनच्या लाव्हाथरांचा काळ हा दुसरा प्रश्न. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील निपा ताडाच्या फळांसारख्या पुराव्यांवरून सहानींनी हे थर तृतीय कल्पाच्या आरंभीचे ठरवले. तथापि निपाचे अस्तित्व क्रिटेशसच्या अखेरीसही होते, हे पुढे परागकणांवरून दिसून आले. आजच्या कालमापनानुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या कल्पसीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत.

तिसरे उदाहरण पंजाबातील सॉल्ट रेंजचे. तेथील मिठाच्या थरांत आढळलेल्या वनस्पतींच्या सूक्ष्म अवशेषांवरून सहानींनी ते थर इओसीन काळातील असल्याचे प्रतिपादन केले. हे मत टिकले नाही. ते थर कँब्रियन किंवा त्याहून प्राचीन मानले जातात.

समारोप :
या तिन्ही उदाहरणांत निरीक्षण काटेकोरच होते. फरक होता तो दुव्याच्या बळकटीत. पहिल्यात अवयवांचा परस्परसंबंध रचनेनेच सिद्ध होत होता. दुसऱ्यात जीवाश्म त्याच थरांतील होता, परंतु त्याच्या वंशाचा कालविस्तार पुरता ज्ञात नव्हता. तिसऱ्यात अवशेष आणि खडक समकालीन आहेत, हे गृहीतकच डळमळीत होते. जीवाश्म स्वतःचा काळ सांगत नाही. तो खडकाशी असलेल्या नात्यातून ठरवावा लागतो.

३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौच्या संस्थेची कोनशिला बसवली गेली आणि आठवड्याभरातच, १० एप्रिलला, सहानींचे निधन झाले. पुढे सावित्री सहानींनी ते कार्य तडीस नेले. आपला ग्रंथसंग्रह व जीवाश्मसंग्रह सहानी दांपत्याने संस्थेस दिला होता. स्वतःच्या निष्कर्षांची फेरतपासणी करण्याचे साधनच त्यांनी पुढील पिढीच्या हाती सोपवले. सहानींचे स्थान अढळ राहण्याचे हेही एक कारण होय.