रंगछटेतील तफावत : दोष की गुण?
ॲनोडायझिंग केलेल्या टायटॅनियमच्या मुठींचे घडीचे चाकू : एक सौंदर्यसमीक्षा

प्रस्तावना

काव्य, चित्र, शिल्प यांच्या समीक्षेची परिभाषा मराठीत चांगली रुळलेली आहे. हातात घेऊन वापरायच्या कारखानी वस्तूच्या सौंदर्याचा विचार करताना मात्र ती परिभाषा अपुरी पडते. अशा वस्तूबद्दल एकतर ग्राहक म्हणून तक्रार केली जाते किंवा विक्रेता म्हणून स्तुती केली जाते. समीक्षकाची जागा रिकामीच राहते. टायटॅनियमच्या मुठी असलेले घडीचे चाकू हे याचे उत्तम उदाहरण होय. एकाच नमुन्याचे, एकाच नावाच्या रंगाचे दोन चाकू शेजारी ठेवले असता एकाची मूठ गडद निळी, तर दुसऱ्याची जांभळ्याकडे झुकलेली दिसते. काही वेळा तर एकाच चाकूच्या दोन बाजूंत फरक असतो. ग्राहक यास दोष म्हणतो. विक्रेता ‘प्रत्येक नग वेगळा’ असे सांगून त्याच गोष्टीला गुण ठरवतो. प्रस्तुत लेखात या तफावतीची कारणे तपासून तिच्या मूल्यमापनाचा निकष कोणता असावा, याचा शोध घेतला आहे. तफावत स्वतः गुणही नव्हे व दोषही नव्हे. ती कोठून आली यावर तिचे मूल्य ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

1. पार्श्वभूमी

घडीच्या चाकूत टायटॅनियम आले ते रंगासाठी नव्हे. ही धातू वजनाला हलकी, न गंजणारी आणि स्प्रिंगसारखी लवचीक आहे. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकाच्या प्रारंभी मुठीच्या आतील पट्टीलाच कुलूप बनवणारी रचना विकसित केली आणि त्या पट्टीसाठी टायटॅनियम सोयीचे ठरले. दक्षिण आफ्रिकेतून येऊन अमेरिकेतील आयडाहो राज्यात बॉइसी येथे स्थायिक झालेले क्रिस रीव्ह यांनी हा विचार पुढे नेला. त्यांच्या ‘सेबेन्झा’ या चाकूत मुठीची एक संपूर्ण बाजूच चीर देऊन कुलूप म्हणून वापरली आहे. ‘सेबेन्झा’ या झुलू शब्दाचा अर्थ ‘काम’ असा आहे. या चाकूची साधी मूठ करड्या, निस्तेज रंगाचीच असते.

हा तपशील महत्त्वाचा आहे. अशा चाकूत मूठ हे यंत्रणेवरचे आवरण नसून यंत्रणेचाच भाग असते. तिच्यावर चढणारा रंगदेखील बाहेरून लावलेला लेप नसतो. तो त्याच धातूच्या पृष्ठभागातून निर्माण होतो. लाकडी मुठीवरील रोगणाला लावलेले निकष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्याचे कारण हेच.

2. रंगाचे स्वरूप

ॲल्युमिनियमच्या ॲनोडायझिंगमध्ये धातूवर सच्छिद्र थर तयार होतो व त्या छिद्रांत रंगद्रव्य भरले जाते. टायटॅनियमच्या बाबतीत रंगद्रव्य मुळीच नसते. धातूचा तुकडा ट्रायसोडियम फॉस्फेटसारख्या क्षाराच्या द्रावणात धनाग्र म्हणून जोडला की त्याच्यावर टायटॅनियम ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो. थराच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या धातूवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होऊन रंग दिसतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे किंवा साबणाच्या फुग्याचे रंग ज्या तत्त्वाने दिसतात, तेच हे तत्त्व होय.

थराची जाडी मुख्यतः व्होल्टतेवर अवलंबून असते. सुमारे 15 व्होल्टला कांस्यवर्ण, 20 च्या आसपास जांभळा, 25 ते 30 ला गडद निळा, 40 च्या पुढेमागे फिकट आकाशी, 60 च्या सुमारास पिवळा, 70 ते 75 ला गुलाबी आणि 100 च्या जवळपास हिरवट असा स्थूल क्रम सांगता येतो. या संपूर्ण पल्ल्यात थराची जाडी सुमारे 30 ते 200 नॅनोमीटर एवढीच असते; मानवी केसाची जाडी याच्या शेकडो पट भरते. शुद्ध तांबडा किंवा काळा रंग या क्रमात येत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, रंगांची ही पट्टी सर्वत्र सारख्या वेगाने बदलत नाही. कांस्यवर्णाकडून जांभळ्याकडे व जांभळ्याकडून निळ्याकडे जाताना चारपाच व्होल्टांत रंगाचे नावच बदलते. फिकट आकाशीच्या टापूत तेवढाच फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो. त्यामुळे समान काळजी घेऊनही जांभळ्या मुठींमध्ये तफावत अधिक दिसते. दुसरी गोष्ट अशी की, व्होल्टता वाढवून रंग पुढे नेता येतो, परंतु कमी करून मागे आणता येत नाही. चूक झाल्यास थर आम्लाने अथवा घासून काढून टाकावा लागतो आणि पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागते.

3. तफावतीची उगमस्थाने

तफावत चार ठिकाणांहून येते आणि ही चारही ठिकाणे एका शब्दाखाली आणल्यानेच प्रस्तुत वादातील गोंधळ निर्माण होतो.

(अ) माध्यमगत तफावत : व्यतिकरणाचा रंग पाहण्याच्या कोनानुसार सरकतो. तो स्वच्छ प्रकाशात एक आणि पिवळ्या दिव्याखाली दुसरा भासतो. बोटांचे तेल थरावर बसले की वरच्या पृष्ठावरून होणारे परावर्तन घटते व रंग मंद, मळकट होतो. स्पिरिटने पुसताच तो परततो. हा बदल कोणत्याही कारागिराला टाळता येणारा नाही. छायाचित्र पाहून चाकू घेणाऱ्याची निराशा पुष्कळदा याच ठिकाणी होते, कारण छायाचित्रात एकच कोन आणि एकच प्रकाश गोठवलेला असतो.

(आ) प्रक्रियागत तफावत : मुठींसाठी सामान्यतः 6 टक्के ॲल्युमिनियम व 4 टक्के व्हॅनेडियम असलेले मिश्रधातू वापरले जाते. त्याच्या अंतर्रचनेत दोन अवस्था असतात, त्यामुळे ते शुद्ध टायटॅनियमइतके एकसारखे रंगत नाही. चकचकीत केलेला भाग उजळ रंगतो, तर वाळूच्या अथवा काचमण्यांच्या फवाऱ्याने खरखरीत केलेला भाग निस्तेज. धुताना राहिलेला बोटाचा ठसा, विद्युतजोडणीचा सैल स्पर्श, द्रावणातील बुडबुडे, ऋणाग्रापासूनचे कमीअधिक अंतर यांपैकी प्रत्येक गोष्ट पृष्ठभागावर आपली खूण ठेवून जाते.

(इ) हेतुगत तफावत : तुकडा द्रावणातून हळूहळू वर घेत व्होल्टता वाढवत नेल्यास एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा मिळते. ज्योतीच्या उष्णतेनेही असा थर वाढतो. त्यातून मिळणारी नक्षी अधिक स्वैर असते. ‘टिमास्कस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साहित्यात टायटॅनियमची वेगवेगळी मिश्रणे थरावर थर ठेवून सांधलेली असतात. रंगवताना ती निरनिराळ्या छटा घेतात आणि त्यातूनच नक्षी उमटते. वर ज्यास प्रक्रियागत अडचण म्हटले, तीच येथे रचनेचे साधन बनते. ब्रिटनमध्ये एडवर्ड डी लार्ज यांनी 1970 च्या दशकात टायटॅनियमच्या दागिन्यांत अशा छटांचा वापर केला होता.

(ई) वापरगत तफावत : खिशातील नाणी, किल्ल्या आणि कापडाचे घर्षण यांनी कडांवरील थर झिजतो व तेथे धातूचा करडा रंग उघडा पडतो. उघड्या धातूवर हवेत तत्काळ नवा थर येतो खरा, पण तो अवघ्या काही नॅनोमीटरचा असल्याने रंग दाखवत नाही.

4. निकषाचा प्रश्न

ब्रिटिश विचारवंत व रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील फर्निचर-रचनेचे प्राध्यापक डेव्हिड पाय यांनी 1968 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार मांडले. जोखमीच्या कारागिरीत कामाचा दर्जा अखेरच्या क्षणापर्यंत करणाऱ्याच्या निर्णयावर, कौशल्यावर व काळजीवर अवलंबून राहतो. निश्चितीच्या कारागिरीत फळ आधीच ठरलेले असते. हा भेद हात विरुद्ध यंत्र असा नाही आणि चांगले विरुद्ध वाईट असाही नाही, हे पाय यांच्या मांडणीचे वैशिष्ट्य होय.

हा भेद टायटॅनियमच्या मुठीला लावला असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. व्होल्टतेचा आकडा ही निश्चिती आहे. ठरावीक व्होल्टतेला थर वाढत जातो, त्याचा विरोध वाढतो आणि वाढ आपोआप थांबते. तेथे हाताच्या कौशल्याला फारसा वाव उरत नाही. जोखीम असते ती त्याआधीच्या कामात : घासण्यात, धुण्यात, आम्लाने पृष्ठभाग उघडा करण्यात, जोडणी कोठे द्यायची हे ठरविण्यात. डोळ्यांत भरणारा रंग यंत्राने दिलेला असतो. त्याचा एकसारखेपणा मात्र ज्याचे नाव कोठेही येत नाही अशा माणसाने पृष्ठभागावर घेतलेल्या कष्टातून येतो. म्हणून मुठीवरील तफावत वाचायची असेल तर ती पृष्ठभागाच्या तयारीची साक्ष म्हणून वाचली पाहिजे.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध व समतोल अशी लयतत्त्वे सांगितली. त्यांचा उपयोग येथे मर्यादित परंतु नेमका होतो. निळ्या मुठीवर कांस्यवर्णी क्लिप असेल तर तो विरोध होय. मूठ आणि क्लिप दोन्ही निळ्या असतील तर तो संवाद होय. परंतु मूठ निळी आणि क्लिप ‘जवळजवळ निळी’ असेल, तर तेथे संवाद साधत नाही आणि विरोधही उभा राहत नाही. क्लिपचे धातूमिश्रण किंवा तिचा पृष्ठभाग वेगळा असल्यास एकाच व्होल्टतेला नेमके असेच घडते. जाणत्या कारागिराने अशा वेळी क्लिपसाठी वेगळी व्होल्टता निवडायची असते, नाहीतर सरळ वेगळा रंग घ्यायचा असतो. ही निवडच झाली नाही, हे येथील उणेपणाचे खरे कारण आहे.

5. ‘प्रत्येक नग वेगळा’ : एका समर्थनाची तपासणी

‘प्रत्येक नग वेगळा’ या समर्थनात अंशतः तथ्य आहे. माध्यमगत तफावत अटळ आहे आणि दोन अवस्थांच्या मिश्रधातूकडून आरशासारख्या एकसारखेपणाची अपेक्षा करणे अज्ञानाचे ठरेल. तथापि, हे समर्थन ज्या सहजतेने वापरले जाते ती आक्षेपार्ह आहे. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने 2003 पासून चांदीच्या कड्यात निओबियमची रंगीत चकती बसवलेली 25 युरोची नाणी काढली. त्या चकतीचा रंगही अशाच ऑक्साइडच्या थरातून येतो. निओबियम शुद्ध धातू असल्याने तेथील काम सुकर आहे हे मान्य केले, तरी व्यतिकरणाचा रंग मोठ्या संख्येने, शिस्तीने निर्माण करता येतो एवढे या उदाहरणावरून सिद्ध होते. तेव्हा ‘ही प्रक्रियाच अशी आहे’ हे उत्तर पूर्ण उत्तर नव्हे.

या समर्थनाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. बोटाचा ठसा राहून डागाळलेली मूठ आणि रंगांचा क्रम विचारपूर्वक उतरवलेली मूठ या दोहोंना ‘एकमेव’ हे एकच विशेषण लावले की दुसऱ्या मुठीमागचे कौशल्य अदृश्य होते. निष्काळजीपणाला प्रतिष्ठा मिळते आणि काळजीने एकसारखा रंग आणणाऱ्या कामगाराचे काम ‘यांत्रिक’ ठरते. येथे अन्याय ग्राहकावर होतोच. त्याहून तो त्या कामगारावर होतो. शेकडो डॉलर किंमत असलेल्या वस्तूबाबत ग्राहक निदान तक्रार तरी करू शकतो. कामगाराच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

झिजेचा विचार मात्र निराळ्या पद्धतीने करावा लागतो. ती कारागिराच्या निर्णयाची नव्हे, तर वापरणाऱ्याच्या हाताची खूण होय. जेथे अंगठा टेकतो, जेथे क्लिप खिशाच्या कडेला घासते, तेथेच रंग जातो. म्हणजे झिजेला वापराचा तर्क असतो. असा चाकू जुना झाला असे म्हणता येईल, बिघडला असे म्हणता येणार नाही. उलट झीज टाळण्यासाठी जो पेटीतच ठेवला जातो, त्याचा रंग टिकतो, परंतु मूठ म्हणून त्याची परीक्षा कधीच होत नाही.

निष्कर्ष

1. टायटॅनियमच्या मुठीवरील रंग हा लेप नसून प्रकाश, थर व धातू यांच्यातील संबंध आहे. त्यामुळे कोन, प्रकाश व स्पर्श यांनुसार होणारा बदल हा त्या माध्यमाचा स्वभाव मानावा.

2. प्रक्रियेतून आलेली तफावत पृष्ठभागाच्या तयारीची साक्ष देते. ती टाळता येण्याजोगी होती किंवा नाही, हे पाहूनच तिला दोष म्हणावे.

3. हेतुपूर्वक साधलेल्या छटेचे मूल्यमापन रचना म्हणून व्हावे. तिच्यात आरंभ, दिशा व संगती दिसली पाहिजे; केवळ अनेक रंग असणे पुरेसे नाही.

4. ‘प्रत्येक नग वेगळा’ हे वस्तुस्थितीचे वर्णन आहे, गुणवत्तेचा निकष नव्हे. वेगळेपणामागे निर्णय आहे की निर्णयाचा अभाव, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. तो विचारला गेला, तरच निगुतीने रंगवलेल्या साध्या, एकरंगी मुठीलाही तिच्या वाट्याची दाद मिळू शकेल.