आनंदाची वसुली

परीक्षण लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कुणीही विचारील, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, साताऱ्यातल्या एका बँकेत कारकून. हल्ली आमच्या हुद्द्याचे ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असे बारसे झाले आहे; पण त्यामुळे पगारात किंवा पाठदुखीत काही फरक पडलेला नाही. आयुष्यात बारकाईने वाचलेले वाङ्मय म्हणजे खातेदारांचे केवायसीचे कागद आणि वरच्या ऑफिसातून येणारी परिपत्रके. त्यांतही शैलीचा एक आनंद असतो, पण तो पुन्हा केव्हा तरी.

हे परीक्षण लिहितो आहे ते साडूभाऊंमुळे. साडूभाऊ सांगलीचे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, आणि तेव्हापासून सांगलीचा माणूस कशाकडेही नाटक म्हणूनच बघतो. लग्नात पंगत उठली की इतर लोक विडा शोधतात. साडूभाऊ ‘जिलबीपर्यंत रंगलं होतं, मठ्ठ्यानंतर पडलं’ असा निकाल देतात. गेल्या मे महिन्यात आमची दोन्ही बिऱ्हाडे मुलाबाळांसकट एका थीम पार्कला जाऊन आली. परतताना साडूभाऊ म्हणाले, ‘‘एवढे पैसे घातलेत, आता निदान परीक्षण तरी लिहा!’’

पार्क कोणते, ते सांगणार नाही. खातेदाराची गुप्तता पाळायची बावीस वर्षांची सवय आहे. शिवाय या परीक्षणात दोष निघणार आहे तो बहुतेक परीक्षकाचाच, हे आधीच सांगून ठेवतो.

मुळापासून सांगायचे तर हे प्रकरण 1989 सालचे. त्या साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड निघाले. दिल्लीत अप्पूघर 1984 मध्येच झाले होते. पण दिल्ली फार लांब, तिथे फक्त पंतप्रधान राहतात अशी माझी समजूत होती. एस्सेल वर्ल्डची जाहिरात मात्र दूरदर्शनवरून थेट घरात येऊन वाकुल्या दाखवू लागली. मी दहा वर्षांचा होतो. वडिलांना विचारले. वडील म्हणाले, ‘‘बघू.’’

मध्यमवर्गीय घरात ‘बघू’ या शब्दाचा अर्थ काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तो नकारच असतो, फक्त त्याच्यावर तारीख घातलेली नसते.

गोराईऐवजी वडिलांनी मला त्या थंडीत पुसेगावच्या जत्रेला नेले. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की खटाव तालुक्यात पुसेगाव येते. तिथे सेवागिरी महाराजांचा रथ निघतो आणि भाविक त्या रथाला नोटांच्या माळा बांधतात. सगळे लोक हात जोडत होते आणि मला प्रश्न पडला होता, की हे सगळे मोजणार कोण? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते असे.

वडिलांनी माझ्या हातावर पाच रुपये ठेवले आणि ‘हे संपले की संपले’ असे बजावले. त्या पाच रुपयांनी मी जे हाल सोसले ते विचारू नका! रहाटपाळण्यात बसावे, तर बर्फाचा गोळा हुकणार. गोळा खावा, तर ‘मुंडके बाईचे, शरीर सापाचे’ बघायचे राहणार. तासभर मी नुसता हिंडलो. शेवटी पाळण्यात बसलो. पाळणा हाताने फिरवायचा होता. फिरवणारा म्हणाला, ‘‘भ्या वाटलं तर हाक मार रं, थांबवतो.’’ मी दुसऱ्या फेरीलाच हाक मारली आणि त्याने खरोखर थांबवला. उरलेल्या फेऱ्यांचे पैसे त्याने परत दिले नाहीत. पण मी खाली बसून भानावर येईपर्यंत तो माझ्याजवळ उभा राहिला.

ही जत्रा मी विसरलो नाही. पण गोराईही विसरलो नाही. मुलगा नऊ वर्षांचा आणि धाकटी पाच वर्षांची झाली, तेव्हा सौ.ला म्हटले, ‘‘मुलांना एकदा थीम पार्क दाखवायला पाहिजे.’’ मुलांनी तसे काहीच मागितले नव्हते. त्यांना आजोळी सांगलीला जाऊन आमराईत हुंदडायचे होते. पण आपल्या इच्छा मुलांच्या नावावर ठेवण्याची सोय प्रत्येक बापाला असते. बँकेच्या भाषेत याला अज्ञानाच्या नावाचे खाते म्हणतात. व्यवहार सगळे पालकच करतो.

आता परीक्षण.

प्रवेश. दारावर पिशव्या तपासतात. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. आमच्याकडे साताऱ्याचे कंदी पेढे आणि साडूभाऊंकडे सांगलीचे भडंग, तेही पोतेभर. रखवालदार अतिशय सभ्य होता. ‘‘इथंच खाऊन घ्या, नाहीतर गाडीत ठेवून या,’’ म्हणाला. पेढे आम्ही तिथेच संपवले. भडंगाचा मोठा भाग साडूभाऊंनी गाडीत नेऊन ठेवला आणि येताना त्याच्याविषयी सुतकी चेहऱ्याने बोलत आले.

नेपथ्य. इथे टाळी द्यायला हवी. किल्ला किल्ल्यासारखा आणि गुहा गुहेसारखी. (साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा उशापाशी असताना प्लायवूडचा किल्ला बघायला पैसे मोजावे लागतात, हा भाग निराळा.) स्वच्छतागृहे स्वच्छ होती. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा वाचून ठेवले आहे. प्रत्येक पाळण्याला पट्टे, पट्ट्यांवर दांडी, आणि ती दांडी लागली की नाही हे बघायला दोन-दोन पोरे. जत्रेतल्या पाळण्याचा करकर आवाज मला आजही गोड वाटतो. पण त्यात माझी मुले बसणार असतील तर मी आधी त्याचे नटबोल्ट बघीन, हे कबूल केले पाहिजे.

अभिनय. भुतांच्या घरातला राक्षस साडूभाऊंना पसंत पडला नाही. ते म्हणाले, ‘‘विष्णुदासांच्या नाटकातले राक्षस अललडुर्र करत यायचे, पण प्रेक्षकांकडे बघून तरी ओरडायचे. हा आपण बाहेर पडलो तरी ओरडतोच आहे!’’ मी मागे वळून पाहिले. गुहेत कुणी नव्हते आणि राक्षस इमानाने आपली ड्यूटी करत होता. मला तर तो आमच्या शाखेतल्या टोकनच्या यंत्राचा भाऊ वाटला.

स्त्रीपात्रे. सौ. आणि तिची ताई रोलर कोस्टरमध्ये बसल्या आणि वरच्या वळणावर अशा काही किंचाळल्या, की खालची कबुतरे उडाली. लग्नाला चौदा वर्षे झाली, सौ.चा एवढा मोठा आवाज मी मला उद्देशून नसताना प्रथमच ऐकला. खाली उतरल्यावर दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. सांगलीच्या माहेरच्या अंगणात त्या अशाच हसत असणार. पार्कला मी सर्वांत जास्त गुण देतो ते या प्रवेशाचे.

आणि आता मुख्य पात्र, म्हणजे तिकीट.

तिकीट दिवसभराचे, एकच. आत गेल्यावर कशातही, कितीही वेळा बसा. सरासरी माणशी 1500 रुपये पडले. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात दोन गोष्टी शिकवतात. एक, घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत : पहिल्या लाडवाने जे सुख होते ते सहाव्याने होत नाही. दुसरी, बुडीत खर्च : जे पैसे गेले ते गेले, पुढचा निर्णय घेताना ते धरायचे नाहीत. दोन्ही प्रश्नांना मला चांगले गुण मिळाले होते. पण पार्कच्या दारात पदवी घरी राहिल्यासारखे झाले. मी खिशातून कागद काढला आणि हिशेब मांडला. तीन पाळणे झाले, तर एक पाळणा 500 ला पडला. सहा झाले, तर 250. दहा करून तो 150 वर आणायचा, असे मी ठरवले आणि सगळ्यांना रांगेतून रांगेत पळवू लागलो. मुलगा एका कारंज्यात हात घालून उभा राहिला, तर ‘‘पाणी घरी पण आहे!’’ म्हणून त्याला ओढले. धाकटी रांगेच्या लोखंडी दांड्यांना लोंबकळून खिदळत होती, तिला ‘‘इथं खेळायला आलोय का आपण?’’ असे विचारले. हे वाक्य मी थीम पार्कमध्ये उभा राहून उच्चारले आहे.

चार वाजता झुलत्या जहाजाची पाळी आली. उंचीच्या पट्टीला धाकटी जेमतेम लागली. तीही मी ‘‘ताठ उभी राहा’’ म्हटल्यावर. ती म्हणाली, ‘‘बाबा, मला नको.’’ मी म्हणालो, ‘‘अगं, पैसे भरलेत.’’

जहाज वर गेले तशी ती रडू लागली. मी हात हलवून खुणा केल्या. पण यंत्राची वेळ ठरलेली असते, ते मध्येच थांबत नाही. त्यात कुणाचाच दोष नव्हता. तीन मिनिटे असतील. रांगेतल्या दीड तासापेक्षा ती मोठी होती. खाली आल्यावर तिने सौ.च्या कमरेला मिठी मारली आणि मग साडूभाऊंचे बोट धरले. माझे धरले नाही. जरा वेळाने खालच्या आवाजात मला विचारले, ‘‘बाबा, अजून किती राहिलेत?’’

हा प्रश्न मी ओळखतो. कर्जखात्यावर काम करत होतो तेव्हा रोज ऐकायचो. ‘‘सायेब, अजून किती हप्ते राहिलेत?’’ असे विचारणाऱ्या माणसाचा आवाज अस्साच असतो. मी कागद खिशात टाकला. 1989 सालचे एक थकीत येणे होते. ते मी दोन अज्ञान मुलांकडून वसूल करायला निघालो होतो. सकाळपासून तिथे बाप नव्हताच. वसुली अधिकारी होता.

घरी आल्यावर या थीम पार्कांच्या मूळ पुरुषाची माहिती वाचली. वॉल्ट डिस्ने लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुलींना घोड्यांच्या फिरत्या पाळण्यात बसवायचा आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसायचा. शेंगदाणे म्हटल्यावर मला तो एकदम आपल्याकडचा वाटला. बाकावर त्याला सुचले, की आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा पाहिजे. ती 17 जुलै 1955 रोजी उघडली. पहिल्या दिवशी खोट्या तिकिटांनी गर्दी लोटली आणि उन्हाने डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रस्त्यात रुतल्या, म्हणजे जत्राच! तिथला मुख्य रस्ता डिस्नेने आपल्या लहानपणच्या मार्सेलिन गावाच्या आठवणीवर बेतला होता. तेव्हा तोही स्वतःचेच बालपण वसूल करत होता. फक्त त्याचे भांडवल मोठे.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढेच. सुरुवातीच्या काळात डिस्नेलँडमध्येही कूपनांची पुस्तके असत. ए, बी, सी अशी अक्षरे. 1959 साली ‘ई’ आले, ते सर्वांत भारी पाळण्यांचे. म्हणजे तिथलीही पोरे हातातल्या शेवटच्या कूपनाकडे बघत, ‘यात बसू की त्यात’ म्हणून माझ्यासारखी तळमळत असणार. 1982 साली कूपने गेली आणि दिवसभराचे एकच तिकीट राहिले. सोय झाली, यात शंका नाही. पण त्याबरोबर निवडायचे हालही गेले, आणि माझ्या पाच रुपयांत खरी चव त्या हालांचीच होती. हिंडलो तो एक तास फुकट होता, आणि लक्षात राहिला आहे तोही तोच. सगळेच मिळणार असेल, तर ‘मला नको’ म्हणण्याचा हक्क पोराने कुठे वापरायचा? निदान माझ्यासारख्या बापासमोर तरी तो चालत नाही.

तेव्हा परीक्षणाचा निकाल असा : प्रयोग चांगला, नेपथ्य उत्तम, बंदोबस्त चोख. जरूर जावे. फक्त जाताना हिशेबाचा कागद दारात भडंगाबरोबर ठेवावा. बाहेरचे काही आत न्यायचे नसेल, तर आधी ते नेऊ नये.

यंदा थंडीत मुलांना पुसेगावला नेले. दोघांच्या हातावर शंभर-शंभराची एकेक नोट ठेवली. ‘संपले की संपले’ असे म्हणालो आणि आयुष्यात प्रथमच गप्प बसलो. धाकटी पाळण्यासमोर बराच वेळ उभी राहिली. पाळणा आता मोटारीवर चालतो. तिने तो पुरता न्याहाळला आणि ‘‘मला नको,’’ म्हणून भिंगरी घेतली. जाताना तिने माझे बोट धरले. भिंगरी दुसऱ्या हातात होती, म्हणूनही असेल. मी फार खोलात गेलो नाही.

थोरला तासाभराने आला. गोळ्याने जीभ लाल झालेली, हातात साठ रुपये शिल्लक.

‘‘खर्च का नाही केलेस रे?’’

‘‘साठवतोय, बाबा. आपल्याला परत त्या पार्कात जायचंय ना? ते कारंजं राहिलंय माझं.’’

निवडीचा आनंद, कूपनांचा इतिहास, सगळे व्याख्यान माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले.

‘‘बघू,’’ मी म्हणालो. आणि मग चटकन सावरून त्यावर तारीखही घातली : ‘‘मे महिन्यात.’’