वेब सर्व्हरच्या विन्यासातील दोषशोधन आणि अंतर्भूत स्क्रिप्ट : एक चिकित्सा

१

वेब सर्व्हरचा विन्यास, म्हणजे व्यवहारात ज्याला कॉन्फिगरेशन म्हणतात तो, बाह्यतः साधा मजकूर असतो. कोणत्या पत्त्यावर आलेली विनंती कोणी हाताळावी, कोणती फाइल द्यावी, उत्तरासोबत कोणते हेडर जावेत, यासंबंधीचे निर्देश त्यात एकाखाली एक लिहिलेले असतात. या मजकुरात दोन प्रकारचे दोष संभवतात. पहिला व्याकरणाचा : अर्धविराम राहिला, कंस मिटला नाही, निर्देशाचे नाव चुकले. असा दोष सर्व्हर स्वतःच दाखवितो आणि तो विन्यास स्वीकारण्याचे नाकारतो. दुसरा अर्थाचा. येथे मजकूर शुद्ध असतो, तपासणीची आज्ञा त्याला निर्दोष ठरविते, सर्व्हर सुरू होतो आणि तरीही उत्तर भलतेच येते. दोषशोधनाची खरी कसोटी या दुसऱ्या प्रकारात लागते.

अर्थदोषाचे मूळ बहुधा एकच असते. मनुष्य विन्यास वरून खाली वाचतो. सर्व्हर तसा वाचत नाही. एन्जिनएक्स या सर्व्हरात प्रत्येक विनंती ठरावीक टप्प्यांतून जाते : पत्त्याचे पुनर्लेखन, प्रवेशाची परीक्षा, उत्तराची निर्मिती आणि शेवटी नोंद. निर्देश कोणत्या ओळीवर लिहिला आहे यापेक्षा तो कोणत्या टप्प्याचा आहे यावर त्याचा क्रम ठरतो. वारशाचे नियमही असेच फसवे आहेत. बाहेरच्या विभागात ‘ॲड-हेडर’ने चार हेडर जोडले आणि आतल्या विभागात त्याच निर्देशाने पाचवा जोडला, तर वेगळी आज्ञा दिलेली नसल्यास आतल्या विभागात पाच हेडर होत नाहीत, पहिले चार गळून एकटा पाचवा उरतो. वाचणाऱ्याला बेरीज अपेक्षित असते, सर्व्हर बदली करतो. सुरक्षेसाठी लावलेले हेडर अशा रीतीने नाहीसे होतात आणि कोठेही तक्रार उमटत नाही.

अशा प्रसंगी विन्यासाच्या पोटातच स्क्रिप्टच्या दोनचार ओळी घालून सर्व्हरकडूनच त्याच्या मनातले वदवून घ्यावे, ही पद्धत आता रूढ झाली आहे. ती सोयीची आहे हे निर्विवाद. परंतु अशा रीतीने मिळालेल्या साक्षीवर कितपत विसंबावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत विवेचनाचा तोच विषय आहे.

२

अंतर्भूत स्क्रिप्टचा इतिहास वेब सर्व्हरच्या इतिहासाहून फारसा धाकटा नाही. अपाची सर्व्हर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९६ मध्ये त्याच्या पोटात पर्ल भाषा बसविणारे ‘मॉड-पर्ल’ आले. त्यामुळे विन्यासाच्या फाइलीतच पर्लचा विभाग उघडून तेथे निर्देश लिहिण्याऐवजी ते निर्माण करता येऊ लागले. याच सुमारास रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी प्रसारात आली आणि तिचा अर्थबोधक पुढे सर्व्हरच्या प्रक्रियेतच नांदू लागला. इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एन्जिनएक्सला लुआ भाषेची जोड २००९ च्या सुमारास श्याओझे वांग व यीचुन झांग यांच्या प्रयत्नाने मिळाली. ‘ओपनरेस्टी’ या नावाने आज ती सर्वत्र ओळखली जाते. अपाचीच्या २०१२ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीतही लुआचा विभाग समाविष्ट झाला आणि २०१५ मध्ये एन्जिनएक्सने स्वतःची जावास्क्रिप्टसदृश भाषा पुढे आणली.

लुआची निवड योगायोगाची नव्हे. ही भाषा १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथॉलिक विद्यापीठात निर्माण झाली. तिच्यापूर्वी तेथे ज्या दोन लहान भाषा घडविल्या गेल्या, त्या माहितीचे व विन्यासाचे वर्णन करण्यासाठीच होत्या. त्यांपैकी एकीचे नाव ‘सोल’, म्हणजे पोर्तुगीज भाषेत सूर्य; म्हणून पुढची ‘लुआ’, म्हणजे चंद्र. वर्णन करण्यासाठी आखलेल्या भाषांना हळूहळू अटी, आवर्तने आणि फलने हवीशी वाटू लागली आणि त्यातून पूर्ण भाषा जन्मली. सर्व्हरच्या विन्यासाचाही प्रवास त्याच दिशेने झाला आहे. जेथे केवळ ‘काय हवे’ एवढेच सांगावयाचे, तेथे ‘कसे करावे’ हेही सांगण्याचा मोह आवरत नाही. दोषशोधनासाठी घातलेली स्क्रिप्ट पुढे कोणत्या वळणावर जाते, याची सूचना या इतिहासातच आहे.

३

प्रथम गुणांचा विचार करणे न्याय्य ठरेल. स्क्रिप्टची मोठी योग्यता अशी, की ती दोष जेथे वसतो तेथेच उभी असते. पीएचपीतील ‘पीएचपी-इन्फो’ हे फलन याचे सर्वपरिचित उदाहरण होय. आज्ञापटावर तपासलेली मर्यादा एक आणि संकेतस्थळावर अनुभवास येणारी दुसरी, असा घोटाळा नेहमी होतो. कारण दोन्ही ठिकाणी पीएचपी वेगवेगळी विन्यास-फाइल वाचत असण्याचा संभव असतो. बाहेरून कितीही तर्क केला तरी हे कळत नाही. त्या एका फलनाने प्रत्यक्ष वाचलेली फाइल, मूळ मूल्य आणि त्या विभागापुरते बदललेले मूल्य ही तिन्ही समोर येतात.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. देवनागरी अक्षरे असलेला पत्ता जालावरून जाताना शतमान-चिन्हांकित रूपात जातो. ‘म’ या एका अक्षराचे युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट होतात आणि चिन्हांकित रूपात त्यांची नऊ चिन्हे होतात. एन्जिनएक्समध्ये विभागाची निवड मात्र हे चिन्हांकन उलगडल्यानंतरच्या पत्त्यावरून होते. ब्राउझरमधून उचललेले नऊ चिन्हांचे रूप कोणी विभागाच्या नावात जसेच्या तसे लिहिले, तर तो विभाग कधीही जुळत नाही, आणि का जुळत नाही हे मजकुराकडे पाहून उमगत नाही. नोंदीच्या टप्प्यात लुआच्या दोन ओळी घालून मूळ पत्ता आणि उलगडलेला पत्ता शेजारी शेजारी नोंदविले, की भेद तत्काळ दिसतो.

याहून सूक्ष्म प्रकार ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांत आढळतो. यातील ‘ऱ’ हा एका संकेतांकाने लिहिता येतो, ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. बाइट मात्र एकाचे तीन, दुसऱ्याचे सहा. सर्व्हर अशा रूपांचे एकीकरण करीत नाही, त्यामुळे एक पत्ता सापडतो आणि तसाच दिसणारा दुसरा सापडत नाही. लुआमध्ये शब्दाची लांबी बाइटांत मोजली जाते. ती लांबी नोंदविणारी एक ओळ येथे तासाभराच्या वाचनापेक्षा अधिक सांगून जाते. जे डोळ्यांना दिसूच शकत नाही ते स्क्रिप्ट दाखवू शकते, हा तिचा पहिला आणि निर्विवाद गुण होय.

४

आता दोष. पहिला आणि सर्वांत गंभीर असा, की पाहणारा पाहिल्या जाणाऱ्या वस्तूला बदलून टाकतो. एन्जिनएक्समध्ये एका विभागात उत्तर निर्माण करणारा घटक एकच असू शकतो. ज्या विभागातून विनंती मागच्या सर्व्हरकडे पाठविली जाते, तेथे ‘काय चालले आहे ते पाहू’ म्हणून उत्तराच्या टप्प्यातील लुआ घातली, तर ती पाठवणी आणि ही स्क्रिप्ट एकत्र नांदत नाहीत. एक दुसरीला बाजूला सारते. पडद्यावर सर्व मूल्ये व्यवस्थित उमटतात, परंतु ज्या व्यवहारात दोष होता तो व्यवहारच घडलेला नसतो.

दुसरा दोष क्रमाचा. पुनर्लेखनाच्या टप्प्यातील लुआ सामान्यतः त्या टप्प्यातील मूळ निर्देश संपल्यावर चालते. स्क्रिप्टने एखाद्या चलाला मूल्य द्यावे आणि खालच्या ओळीवरील ‘इफ’ने ते तपासावे, अशी रचना कागदावर सरळ दिसते, प्रत्यक्षात ‘इफ’ आधी तपासतो आणि स्क्रिप्ट मागाहून मूल्य देते. निर्देशांच्या क्रमाविषयीचा जो भ्रम दूर करण्यासाठी स्क्रिप्ट आणली, त्याच भ्रमाला ती अशा रीतीने स्वतः बळी पडते.

तिसरा दोष सोयीतून उद्भवतो. प्रत्येक बदलानंतर सर्व्हरला विन्यास पुन्हा वाचावयास लावण्याचा त्रास नको म्हणून लुआच्या संकेताचा साठा बंद ठेवण्याची सवय अनेकांना असते. तसे केल्यावर प्रत्येक विनंतीला लुआचे स्वतंत्र यंत्र मिळते. परिणामी एका विनंतीत ठेवलेले मूल्य दुसरीत झिरपल्यामुळे होणारे दोष परीक्षेच्या काळात दिसतच नाहीत आणि साठा पूर्ववत सुरू होताच प्रकट होतात. परीक्षेची परिस्थिती आणि प्रयोगाची परिस्थिती यांत असा भेद असेल, तर त्या परीक्षेला प्रमाण म्हणता येत नाही.

चौथा दोष साक्षीच्या मर्यादेचा आहे. स्क्रिप्ट आपल्या टप्प्यावर आलेलेच पाहते. मागच्या सर्व्हरने पाठविलेले हेडर राखीव जागेत मावले नाहीत, तर एन्जिनएक्स ते उत्तर टाकून ५०२ क्रमांकाचे उत्तर देतो. हेडरच्या टप्प्यातील स्क्रिप्टला हे ५०२ दिसते, त्याचे कारण दिसत नाही. ते कारण त्रुटींच्या साध्या नोंदवहीत स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. नवी साक्ष मिळविण्याच्या उत्साहात आधीपासून उपलब्ध असलेली साक्ष न वाचणे हा दोष स्क्रिप्टचा नव्हे, तिच्या उपासकांचा आहे.

पाचवा दोष नैतिक स्वरूपाचा आहे. ‘सगळे हेडर नोंदवा’ ही एक ओळ लिहिणे फार सोपे असते. परंतु त्या हेडरांत प्रवेशाच्या खुणा आणि कुकी असतात. त्या नोंदवहीत उतरल्या, की ज्याला ती वाचता येते त्याला दुसऱ्याच्या नावाने वावरता येते. ‘पीएचपी-इन्फो’चे विसरून राहिलेले पान तर परिसरचलांसह सर्व्हरचे अंतरंग वाटेल त्याच्यापुढे उघडे करते. येथे किंमत मोजतो तो दोषशोधक नव्हे, तर त्या संकेतस्थळावर विश्वास ठेवणारा अनभिज्ञ मनुष्य.

शेवटचा दोष या सर्वांचे फलित आहे. दोष सापडल्यावर तो निर्देशात दुरुस्त करण्याऐवजी स्क्रिप्टमध्येच झाकला जातो. गळालेला हेडर वारशाचा नियम समजून घेऊन योग्य जागी लिहिण्याऐवजी हेडरच्या टप्प्यातील लुआ तो प्रत्येक उत्तराला चिकटविते. काम भागते, परंतु निर्देश एक सांगतात आणि सर्व्हर दुसरे करतो, ही विसंगती कायम होते. मॉड-पर्लच्या विभागात ही अवस्था पराकोटीला जाते, कारण तेथे जो विन्यास प्रत्यक्ष चालतो तो कोणत्याही फाइलीत त्या रूपात लिहिलेला नसतो.

५

यावर एक पक्ष असा, की स्क्रिप्टची गरजच नाही. एन्जिनएक्स तपशीलवार नोंदीच्या सोयीसह बांधलेला असेल, तर ती नोंद निवडक ग्राहकांच्या पत्त्यांपुरती चालू करता येते, संपूर्ण विन्यास, जोडलेल्या फाइलींसह, एका आज्ञेने छापून पाहता येतो, अपाची २.४ मध्ये प्रत्येक विभागासाठी नोंदीची पातळी वेगळी ठेवता येते. हा पक्ष बराचसा ग्राह्य आहे आणि दोषशोधनाचा आरंभ येथूनच व्हावा. तथापि ही साधने सर्व्हरने काय केले ते त्याच्या भाषेत सांगतात. शोधकाच्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर देत नाहीत. ‘ऱ’चे बाइट तीन की सहा, हा प्रश्न तपशीलवार नोंदीच्या हजार ओळी चाळून सोडविणे शक्य आहे, परंतु शहाणपणाचे नाही.

तेव्हा त्याग आणि अंधस्वीकार यांच्यामधला मार्ग असा दिसतो. स्क्रिप्ट शक्यतो नोंदीच्या टप्प्यात असावी. कारण तोवर उत्तर ठरलेले असते आणि तिला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. तिने एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि त्या प्रश्नापुरतीच मूल्ये नोंदवावी. जी परिस्थिती प्रयोगात असते तीच परीक्षेत असावी. उत्तर मिळाल्यावर दुरुस्ती निर्देशात व्हावी आणि स्क्रिप्ट काढून टाकावी. ती काढल्यावरही दुरुस्ती टिकते की नाही, हीच निदान खरे होते की नाही याची अखेरची परीक्षा होय.

साक्षीदाराने पाहावे, सांगावे आणि निघून जावे. तो पक्षकार होऊन बसला, की पुढच्या दोषाच्या वेळी त्याचीच उलटतपासणी करावी लागते. पदव्युत्तर वर्गांत स्क्रिप्ट लिहिण्याचे कौशल्य पुष्कळ शिकविले जाते; ती केव्हा पुसावी याचा विवेकही त्याच्या जोडीने शिकविला गेला, तर विन्यासाचा मजकूर आणि सर्व्हरचे वर्तन यांत पडलेले अंतर कमी होण्यास मदत होईल.