‘कन्यादान’ : परिवर्तन आणि कर्ता

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकाची चर्चा बहुधा दोन अंगांनी झाली. एका पक्षाने त्यात समाजवादी ध्येयवादाचा पराभव पाहिला. दुसऱ्याने दलित नायकाचे विपर्यस्त चित्रण म्हणून त्यावर आक्षेप घेतला. हा आक्षेप उपेक्षणीय नाही. पत्नीस मारहाण सर्व जातींत होते. तिचे मूळ अरुण आठवलेच्या जातीत शोधणे सदोषच होय. परंतु या चर्चेत एक प्रश्न मागे पडला : मारणारा पुरुष बदलू शकतो काय, आणि ते काम कोणाचे?

नाथ देवळालीकरांच्या दृष्टीने ज्योती व अरुण यांचा विवाह हा एक प्रयोग आहे; तो फसता कामा नये. या प्रयोगात सोसावयाचे ज्योतीने, श्रद्धा ठेवावयाची नाथांनी. अरुणकडे मात्र कोणतेच काम सोपविलेले नाही. तो क्षमा मागतो, ज्योती त्याच्याबरोबर परत जाते, आणि तिच्या गरोदरपणातही मारहाण चालूच राहते. अखेर अरुणच्या आत्मचरित्रावर नाथ मनाविरुद्ध स्तुतिपर बोलतात, कारण न बोलल्यास त्याचा राग ज्योतीवर निघेल. परिवर्तनाची जागा येथे भयाने घेतली आहे.

अशा प्रसंगी पुरुष स्वतःच्या कृत्याविषयी कसे बोलतो, हे पाहणे उद्बोधक ठरते. ‘मी तिला मारले’ हा भावे प्रयोग असला, तरी त्यातील कर्ता स्पष्ट आहे. ‘माझा हात उठला’ म्हणताच कर्तेपद हाताकडे जाते. ‘राग अनावर झाला’ म्हणताच रागाकडे. ‘भांडण झाले’ या वाक्यात मारणारा उरतच नाही. आणि ‘तिने मार खाल्ला’ यात तर मार सोसणारीच व्याकरणदृष्ट्या कर्ती ठरते. ही वाक्ये व्यवहारात निर्दोष आहेत. मारणाऱ्याच्या तोंडी मात्र ती पळवाट होतात.

मारणाऱ्या पुरुषांसाठी पुढे जे प्रत्यक्ष कार्य झाले, त्याने नेमकी हीच पळवाट हेरली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, डुलुथ येथे, एलेन पेन्स, मायकेल पेमार प्रभृतींनी १९८० च्या दशकात एक पद्धती उभी केली. न्यायालयाने पाठविलेल्या पुरुषांना तेथे गटात बसून आपल्या कृत्याचे कर्तेपण स्वीकारावे लागते. १९८४ मधील तेथील ‘सत्ता व नियंत्रण’ चक्रात अत्याचार क्षुल्लक ठरविणे, तो नाकारणे आणि दोष पत्नीवर टाकणे यांची गणना अत्याचाराच्याच प्रकारांत केलेली आहे. स्त्रीची सुरक्षितता आधी, पुरुषाचे शिक्षण नंतर, हा तेथील क्रम होय. यश मात्र मर्यादित आहे : अशा कार्यक्रमांच्या अभ्यासांचा २००४ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पुनश्च होणाऱ्या मारहाणीत पडलेला फरक अल्पच आढळला.

या मर्यादेसह पाहिले, तरी नाटकातील उणीव स्पष्ट होते. बाप आईला मारीत असे, आपण त्याचेच पुत्र, हे अरुणचे समर्थन. ते कारण खरे असेल; परंतु कारण सांगणे म्हणजे उत्तरदायित्व घेणे नव्हे. माणसातील पशू वेगळा काढता येत नाही, या निष्कर्षाला ज्योतीही शेवटी येते. नाथांची श्रद्धा आणि ज्योतीचे नैराश्य परस्परविरुद्ध भासतात, तथापि दोहोंतूनही कर्ता निसटतो : एकीत पत्नीच्या सोसण्याने तो आपोआप बदलणार असतो, दुसरीत तो बदलणेच अशक्य असते. तिसरी शक्यता, म्हणजे अरुणने स्वतः कर्ता होऊन ‘मी मारले’ असे म्हणणे आणि तेथून कामास आरंभ करणे, नाटकाने तपासलीच नाही. ‘कन्यादान’चे सामर्थ्य नाथांचा भ्रम उघडा करण्यात आहे, त्याची मर्यादा त्या भ्रमाच्या जागी प्राक्तन ठेवण्यात आहे.